ब्राँझचा जुना अर्धपुतळा: कुणी घडवला, कुठे ओतला, केव्हाचा आहे हे कसे ठरवावे

जुन्या वाड्यात, शाळेच्या सभागृहात किंवा लिलावाच्या यादीत ब्राँझचा अर्धपुतळा समोर आला, की बहुतेकजण आधी सही शोधतात आणि ती सापडली की तपास संपला असे धरून चालतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. सही असते मातीत पुतळा घडवणाऱ्याची. धातू ओतणारा बहुधा दुसराच, ओतकामाचे गावही वेगळे, आणि ओतल्याचे साल तर कधीकधी शिल्पकाराच्या मृत्यूनंतरचे. म्हणून चार प्रश्न सुरुवातीपासूनच वेगळे ठेवावेत: पुतळा कुणाचा, घडवला कुणी, ओतला कुठे आणि ओतला केव्हा. वहीत चार रकाने आखा. एका रकान्यातला पुरावा दुसऱ्यात सरकू देऊ नका.

इथे डोळ्यांसमोर धरला आहे तो साधारण 1860 ते 1950 या काळातला, पश्चिम भारतातल्या घरांत, संस्थानांत आणि सार्वजनिक संस्थांत आढळणारा अर्धपुतळा. त्याची पाळेमुळे लंडन, पॅरिस, इटली किंवा खुद्द मुंबई यांपैकी कुठेही असू शकतात. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी आउगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराला बोलावले होते, एडिंबरात राहणाऱ्या फणींद्रनाथ बोस यांच्याकडूनही कामे करून घेतली होती. आणि मुंबईत जे. जे. स्कूलच्या परंपरेतून गणपतराव म्हात्रे, विनायकराव करमरकर, बाळाजी तालीम हे शिल्पकार उभे राहिले. एकाच दिवाणखान्यात या सगळ्यांची कामे शेजारी शेजारी असू शकतात.

पुसू नका, घासू नका

सगळ्यात मोठे नुकसान तपासाआधीच होते. पाहुणे येणार म्हणून पुतळा चिंच-मिठाने किंवा पितळ उजळायच्या पावडरने लख्ख केला जातो. वरचा तपकिरी-काळा थर, म्हणजे पॅटिना, त्यात निघून जातो. ओतशाळेने रसायने व उष्णता देऊन मुद्दाम चढवलेला हा रंग मूळ ओतकामाचा पुरावा असतो, आणि तो परत येत नाही. मुंबईच्या काळ्या घोड्याला लोकांनी दिलेले नावच मुळी ब्राँझच्या काळसर रंगावरून आले. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. पाणी नको, कारण आत लोखंडी सळई किंवा मातीचा गाभा शिल्लक असला तर ओल तिथे मुरते.

फिकट पोपटी रंगाची भुकटी दिसली, पुसल्यावर पुन्हा आली, तर तो क्लोराइडमुळे होणारा ब्राँझचा रोग समजावा. कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत तो झपाट्याने वाढतो. असा पुतळा कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. गडद हिरवा, घट्ट चिकटलेला थर मात्र रोग नव्हे. त्याला हात लावायचे कारण नाही.

लागणारे सामान फार नाही. दहापट भिंग, प्रखर टॉर्च, लहान चुंबक, व्हर्निअर, वाकड्या पायांचा कॅलिपर, शिंप्याची टेप, वजनकाटा, स्क्रूचे आटे मोजायची पट्टी, आणि फोनला जोडता येणारा वायरवाला छोटा कॅमेरा. हातात नायट्राइलचे मोजे घाला. सुती मोज्यात पुतळा निसटतो. डोके, कान किंवा पगडीची कड धरून कधीही उचलू नये. दोघांनी मिळून, एक हात खांद्याखाली आणि एक बैठकीखाली घालून उचला. दुहेरी घोंगडीवर पाठीवर आडवा करा, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल द्या, म्हणजे पोकळ तळ तुमच्याकडे येतो. त्याआधी बैठक वेगळी हलते का ते पाहा. संगमरवरी बैठक एकाच बोल्टवर टांगलेली असते आणि तो गंजून तुटायच्या बेतात असला तर सगळे वजन पायावर येईल.

हे ब्राँझ तरी आहे का?

चुंबक चिकटला तर ओतीव लोखंड. चिकटला नाही तर एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण पितळ, जस्त आणि ब्राँझ यांपैकी कशालाच तो चिकटत नाही. एकाच ठिकाणी हलकी ओढ जाणवली तर आत लोखंडी सळई राहिली आहे, तेवढे टिपून ठेवा.

खरा धोका स्पेल्टरचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जस्ताचे स्वस्त पुतळे वरून ब्राँझचा रंग देऊन प्रचंड संख्येने विकले गेले. तळाच्या आतल्या कडेवर, जिथे कुणाचे लक्ष जाणार नाही तिथे, सुईच्या टोकाने दोन मिलिमीटर ओरखडा काढा. आत राखाडी-चंदेरी चमक दिसली तर जस्त. पिवळसर-तांबूस दिसली तर तांब्याचा मिश्रधातू. जस्ताचे पुतळे तुकड्या-तुकड्यांत ओतून मऊ डाखाने जोडलेले असतात, त्यामुळे आत डाखाचे राखाडी ओघळ दिसतात. तुटलेल्या कडेवर खडीसाखरेसारखे स्फटिकही दिसतात.

दुसरा प्रकार विजेच्या साहाय्याने साच्यात तांब्याचा थर चढवून तयार केलेल्या प्रतीचा, म्हणजे इलेक्ट्रोटाइपचा. बर्मिंगहॅमची एल्किंग्टन कंपनी यासाठी प्रसिद्ध होती. बाहेरून काम अतिशय बारीक, त्वचेची सुरकुती न सुरकुती उमटलेली. आत पाहिले की मात्र ओळख पटते: भिंतीवर साबुदाणे चिकटवल्यासारखे गोल गोल दाणे असतात, किंवा मागून शिशाचा-डाखाचा थर भरलेला असतो. ओतलेल्या धातूची आतली बाजू अशी कधीच दिसत नाही.

वजनाचा अंदाज आधी करून मग काट्यावर ठेवावे. खऱ्या मापाच्या डोके-खांद्यांच्या पुतळ्याचे पृष्ठफळ साधारण 0.4 चौरस मीटर धरले, भिंतीची जाडी 5 मिलिमीटर आणि घनता 8.8, तर वजन 17 ते 18 किलो येते. काटा 30 किलो दाखवत असेल तर एकतर भिंत जाड आहे, नाहीतर आत गाभा किंवा प्लॅस्टर शिल्लक आहे. 9 किलो दाखवत असेल तर पातळ जस्त किंवा इलेक्ट्रोटाइप असल्याची शंका घ्या. बैठकीचे वजन वगळायला विसरू नये. दगडाची बैठकच कित्येकदा दहा किलोची असते.

पुतळ्याच्या पोटात डोकावणे

आता खरे काम. बाहेरचा चेहरा शिल्पकाराने सजवलेला, कारागिराने छिन्नी-कानशीने साफ केलेला, नंतरच्या मालकांनी पुसलेला असतो. आतली बाजू कुणी सजवत नाही. म्हणून कुठे आणि कसा ओतला याचे उत्तर आतच जास्त खरे मिळते. टॉर्च तिरपा धरा. सरळ उजेडात सगळे सपाट दिसते.

पहिली खूण नाकाची. नाकाच्या मागची आतली पोकळी पाहा. चेहऱ्याचा उंचसखलपणा आत उलटा जसाच्या तसा उमटलेला असेल, नाकाची नीट खाच, डोळ्यांचे उंचवटे, ओठांची रेघ कळत असेल, तर पुतळा मेण वितळवून केलेल्या ओतकामाचा असण्याची शक्यता मोठी. या पद्धतीत साच्यात मेणाचा सारखा थर देतात, त्यात गाभा भरतात, मेण जाळून काढतात आणि त्या जागी धातू येतो. त्यामुळे मेणावरचे ब्रशचे फटकारे, ओघळलेले थेंब, कधी तर चक्क बोटाचा ठसा धातूत उमटून राहतो. जाडी बहुतेक ठिकाणी 3 ते 6 मिलिमीटर आणि बऱ्यापैकी सारखी.

उलट, आतून चेहरा ओळखूच येत नसेल, नाकाच्या जागी नुसता बोथट खळगा असेल आणि भिंतीवर चाकूने तासल्यासारखे सपाट पैलू दिसत असतील, तर तो रेतीच्या साच्यातला. तिथे गाभाही रेतीचाच करतात आणि धातूला जागा मिळावी म्हणून तो हाताने सगळीकडून तासून लहान करतात. ते तासकामच आत पैलूंच्या रूपाने शिल्लक राहते. पृष्ठभाग बारीक रव्यासारखा खरखरीत, जाडी मध्येच 4 तर मध्येच 9 मिलिमीटर. डोके आणि खांदे वेगळे ओतून गळपट्टीच्या खाली जोडलेले असू शकतात. आत मानेपाशी एकात एक बसणाऱ्या दोन कड्या, त्यांतून आडव्या ठोकलेल्या पिना, आणि बाहेर कॉलरच्या सावलीत लपवलेली केसासारखी रेघ. हा सांधा पाहायला मिळाला तर त्याचा फोटो नक्की घ्या, कारण प्रत्येक ओतशाळेची सांधा करण्याची धाटणी निराळी असते.

पॅरिसच्या एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या कारखान्यांची भिस्त रेतीच्या साच्यावर होती. मेणाची पद्धत तिथे 1830 च्या दशकात गोनों यांनी पुन्हा सुरू केली, पण ती स्थिरावली शतकाच्या शेवटी. एब्रार आणि वाल्सुआनी ही ओतशाळांची नावे त्यानंतरची. इंग्लंडमध्ये 1880 च्या दशकापासून शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्ट आणि त्यांच्या पिढीने मेणाच्या ओतकामाला पुन्हा मान मिळवून दिला. इटलीत ती परंपरा अधिक अखंड राहिली. त्यामुळे 1860 ची तारीख कोरलेला, पण आतून स्वच्छ मेणकाम दाखवणारा फ्रेंच पुतळा असेल तर लगेच हुरळून जाऊ नये. तारीख मूळ घडणीची आणि ओतकाम कितीतरी नंतरचे, हेच अधिक संभवते.

आपल्याकडे मेणाचे ओतकाम परकीयांनी आणलेले नाही, मधूच्छिष्टविधान म्हणून ते शिल्पशास्त्रात पूर्वापार आहे. पण देवांच्या मूर्ती बहुधा भरीव ओतत, आणि पोकळ कामात मातीचा गाभा असे, ज्यात भाताचा कोंडा किंवा शेण मिसळलेले असते. अर्धपुतळ्याच्या आत डोक्याच्या टोकाशी अडकलेला गाभ्याचा तुकडा मिळाला, तर तो भिंगाखाली पाहा. पांढरट आणि विटेच्या चुऱ्याचे लालसर कण असलेला गाभा प्लॅस्टरमिश्रित युरोपीय पद्धतीकडे बोट दाखवतो. जळालेल्या कोंड्याच्या पोकळ काड्या दिसल्या तर स्थानिक ओताऱ्याचा हात लागला असण्याची शक्यता बळावते. तो तुकडा खरवडून टाकू नका. डबीत घालून चिठ्ठी लावा.

मेणाच्या पद्धतीत गाभा जागेवर धरायला खिळे टोचतात. ते नंतर काढून भोकांत ब्राँझची गोल बुचे ठोकतात, 3 ते 5 मिलिमीटर व्यासाची. पगडीवर, पाठीवर, छातीवर रंगात किंचित वेगळे गोल ठिपके दिसतील. लोखंडी खिळा तसाच राहिला असेल तर तिथे तांबडा गंजाचा डाग फुटतो. चौकोनी ठिगळ दिसले तर तो ओतताना राहिलेल्या भोकाचा दुरुस्तीचा तुकडा आहे, त्यामुळे पुतळा खोटा ठरत नाही.

नव्या कामाची लक्षणेही आतच सापडतात. सांध्यावर माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सरकलेली नीटस वेल्डिंगची रेघ असेल तर ती टिग वेल्डिंगची, म्हणजे 1940 च्या दशकानंतरची. वर्तुळाकार, समांतर ओरखडे असतील तर हातात धरायच्या ग्राइंडरचे; तेही विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचेच धरावे. अर्थात जुन्या पुतळ्याची नवी दुरुस्ती होऊ शकते. वेल्डिंग एकाच तडकेल्या जागी आहे की सगळा पुतळाच त्याने जोडला आहे, हे पाहून निर्णय करा.

सही, शिक्का आणि ओतशाळेचे नाव

आता सहीकडे या. ती सापडते खांद्याच्या मागच्या कापलेल्या कडेवर, पाठीच्या खालच्या भागात, किंवा बैठकीला टेकणाऱ्या कडेलगत. भिंगाखाली प्रश्न एकच: अक्षरे केव्हा उमटली? ओल्या मातीत किंवा मेणात काडीने लिहिलेल्या अक्षरांच्या कडा गोलसर असतात, रेघेच्या बाजूला माती किंचित उसळलेली दिसते, आणि खाचेच्या तळापर्यंत पॅटिना सारखा पोचलेला असतो. थंड धातूत छिन्नीने कोरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार, तळ चकचकीत, वळणावर छिन्नीचे टप्पे. मातीतली सही शिल्पकाराची असण्याची शक्यता जास्त. छिन्नीची सही ओतशाळेच्या कारागिराने केलेली असू शकते, किंवा गेल्या वर्षी एखाद्या विक्रेत्यानेही. तिसरा प्रकार सगळ्यात बोलका: अक्षरे मातीतली, पण सगळीच पुसट, कडा साबणासारख्या घासलेल्या. तयार ब्राँझवरून पुन्हा साचा काढून ओतलेली ती प्रत असू शकते.

सहीपुढे रोमन लिपीत आर. ए. असेल तर शिल्पकार लंडनच्या रॉयल अकॅडमीचा पूर्ण सभासद होता. म्हणजे त्याच्या निवडीच्या सालाआधीचा हा पुतळा नाही. ही अक्षरे सहीच्या वेळीच उमटली की नंतर, हे पाहणे आलेच.

ओतशाळेची नावे काळ सांगतात, पण नीट वाचली तरच. लंडनजवळच्या थेम्स डिटनची ओतशाळा 1874 मध्ये सुरू झाली आणि मालकांबरोबर नाव बदलत गेले. ए. बी. बर्टन हे एकट्याचे नाव असेल तर काळ 1902 ते 1939 या पट्ट्यात येतो. लंडनच्या वेलिंग्टन कमानीवरचा चार घोड्यांचा रथ तिथलाच. सॉमरसेटमधल्या फ्रोमची सिंगर शाळा वेगळी. मॉरिस सिंगर हे जोडनाव 1927 नंतरचे. पार्लान्ती हे इटालियन नाव पाहून रोमकडे धावू नका, ती शाळा लंडनच्या पार्सन्स ग्रीनला होती.

पॅरिसच्या एफ. बार्बेदिएन या शिक्क्याबरोबर कधीकधी एक छोटा गोल शिक्का असतो, त्यावर कोलास यांच्या यांत्रिक लघुप्रतीचा उल्लेख. फर्दिनां बार्बेदिएन आणि आशिल कोलास 1838 मध्ये एकत्र आले. कोलास यांच्या यंत्राने कुठल्याही पुतळ्याची अचूक लहान प्रत काढता येई. म्हणजे अठराव्या शतकातले शिल्पकार उदों यांच्या व्हॉल्टेअरच्या पुतळ्यावर हा शिक्का असला, तर घडण उदों यांची, प्रत एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्याची. चार रकाने वेगळे ठेवायचे ते यासाठीच.

सर्वाधिक फसवणारा शिक्का अलेक्सी रुदिए यांचा. अलेक्सी 1897 मध्ये वारले. त्यांचा मुलगा यूजेन हाच शिक्का 1952 पर्यंत वापरत राहिला. त्यानंतर जॉर्ज रुदिए यांनी आपल्या नावाचा शिक्का आणला. म्हणून अलेक्सीचे नाव आहे एवढ्यावरून पुतळा 1897 आधीचा ठरत नाही, आणि या शिक्क्याच्या खोट्या प्रतीही बाजारात पुष्कळ आहेत. तीन बटा आठ असा अपूर्णांक आकडा कोरलेला असेल तर प्रतींची संख्या मर्यादित ठेवण्याची ती विसाव्या शतकातली रीत. एकोणिसाव्या शतकातल्या कारखानी प्रतीवर ती अपेक्षित नाही.

नेपल्सच्या किउरात्सी ओतशाळेचे नाव असलेला दाढीवाल्या प्राचीन तत्त्वज्ञाचा पुतळा भारतातल्या जुन्या ग्रंथालयांतही भेटू शकतो. हर्क्युलेनियमच्या उत्खननात सापडलेल्या पुतळ्यांच्या त्या प्रवाशांसाठी केलेल्या प्रती. कितीही हिरवा दिसला तरी तो हिरवेपणा ओतशाळेतच चढवलेला असतो.

नट-बोल्ट खोटे बोलत नाहीत, पण बदलले जातात

बैठकीचा बोल्ट निघत असेल तर काढून आटे मोजा. निघत नसेल तर जोर लावू नका, दिसणाऱ्या भागावरच पट्टी धरा. अर्धा इंच व्यासाला इंचात 12 आटे आणि आट्याचा कोन 55 अंश आला तर तो व्हिटवर्थ प्रमाणाचा, 1841 पासूनचा इंग्रजी वळणाचा. तीन अष्टमांशाला 16, पाव इंचाला 20. अर्ध्या इंचाला 13 आटे व कोन 60 अंश असेल तर अमेरिकी प्रमाण. मिलिमीटरमध्ये नेमके बसणारे आटे युरोपच्या मुख्य भूमीकडे नेतात. पण भारतात मेट्रिक पद्धत येईपर्यंत सगळीकडे व्हिटवर्थच चालत होते, त्यामुळे या आट्यांवरून लंडन आणि मुंबई वेगळी करता येत नाहीत. पॅरिस मात्र बाजूला काढता येते. स्टेनलेस स्टील किंवा फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर बैठक नंतर केव्हातरी उघडली गेली आहे, आणि तीही मूळची नसू शकते. बोल्टाभोवतीचा ब्राँझचा डाग आणि दगडातल्या भोकाचा डाग जुळतात का ते पाहा. जुळले तर जोडी जुनी.

मोजमाप: प्रत की प्रतीची प्रत

ब्राँझ थिजताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते. मूळ प्लॅस्टरवरून ओतलेला पुतळा प्लॅस्टरपेक्षा तेवढा लहान असतो. त्या ब्राँझवरून कुणी पुन्हा साचा घेतला तर नवी प्रत आणखी तेवढीच लहान होते. म्हणून त्याच पुतळ्याची खात्रीची प्रत संग्रहालयात असेल तर तिची मापे मिळवा. एकूण उंची घेऊ नका, बैठकीच्या कडा कापलेल्या असतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंत, दोन कानांच्या पाळ्यांमध्ये, नाकाच्या मुळापासून गळ्याच्या खळगीपर्यंत, अशी पाच-सहा अंतरे कॅलिपरने तीन-तीनदा घ्या. खात्रीच्या प्रतीत 200 मिलिमीटर असलेले अंतर तुमच्याकडे 196 ते 197 भरले, आणि सगळीच अंतरे त्याच प्रमाणात कमी आली, तर तुमची प्रतीची प्रत आहे. एकच अंतर कमी आले तर ती मोजण्यातली चूक. जोडीला केसांची टोके आणि पापण्यांच्या कडा पाहा. प्रतीच्या प्रतीत त्या लोण्यासारख्या मऊ होतात.

चेहरा, पगडी आणि पदके

पुतळ्यातली व्यक्ती अनोळखी असेल तर कपडे वाचा. पगडीची घडण पुणेरी, पारशी, संस्थानी की गुजराती व्यापाऱ्याची, हे जाणकार माणूस दुरूनही सांगेल, आणि शोधाचा परीघ एकदम लहान होईल. त्यातही पगडीच्या पट्ट्यांकडे बारकाईने पाहा. प्रत्येक पेच कुठून निघतो आणि कुठे दडतो हे बोटाने गिरवत जा. पेच एकमेकांखाली नीट जात असतील तर शिल्पकाराने पगडी डोळ्यांनी पाहिली, हाताळली आहे. पट्ट्या मध्येच संपत असतील, नुसत्या खाचा ओढल्यासारख्या दिसत असतील, तर फोटोवरून परदेशात घडवलेला पुतळा असण्याचा संशय घ्यावा. फोटोवरून केलेल्या कामाची आणखी एक खूण: समोरून चेहरा जिवंत, पण मानेचा मागचा भाग आणि डोक्याची मागची बाजू अगदीच सर्वसाधारण. दोन्ही कान एकाच साच्यातून काढल्यासारखे सारखे. खऱ्या माणसाचे कान तसे नसतात.

पदके सर्वात पक्की तारीख देतात. स्टार ऑफ इंडिया 1861 मध्ये सुरू झाला, ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर 1878 मध्ये, कैसर-ए-हिंद पदक 1900 मध्ये. छातीवर कैसर-ए-हिंद असेल तर घडण 1900 नंतरची, मग तळावर काहीही कोरलेले असो. दरबारांची पदके 1903 आणि 1911 ची. कुणाला कुठला किताब केव्हा मिळाला हे सरकारी राजपत्रात छापलेले आहे, तेव्हा दोन-तीन पदकांच्या जुळणीवरून माणसाचे नावही हाती लागते.

घडवण्याच्या शैलीवर लवकर जाऊ नये असे आमचे मत आहे. शैली शेवटी जुळवून पाहायची असते. तरी डोळ्यांची बाहुली कोरलेली आहे की डोळा कोरा ठेवला आहे, मातीचे गोळे तसेच दिसू दिलेत की सगळे घोटून गुळगुळीत केले आहे, हे टिपा. करमरकरांच्या हाताची सवय डोळ्याला लावायची असेल तर अलिबागजवळच्या सासवणे इथले त्यांचे घर-संग्रहालय पाहावे. फोटोंवरून ते कळत नाही. रघुनाथराव फडक्यांचे टिळक गिरगाव चौपाटीवर उभे आहेत. मुंबईच्या शिल्पकाराची सही आहे म्हणून ओतकामही मुंबईचेच, असे गृहीत धरता येत नाही; तसेच ते युरोपातलेच असणार असेही नाही. करमरकरांचा पुण्यातला 1928 सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मुंबईत ओतला गेला. एवढा मोठा पुतळा ज्या शहरात ओतता येत होता तिथे अर्धपुतळा अवघड नव्हता.

धातूची चाचणी

एक्स-रे फ्लुओरेसन्सची, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी, हातात धरायची बंदूक सोनारांच्या हॉलमार्क केंद्रांत, भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे आणि धातू प्रयोगशाळांत असते. पुतळ्याला इजा होत नाही. फक्त वरचा पॅटिना मोजला गेला तर आकडे भलतेच येतात, म्हणून तळाच्या कडेवर, जिथे धातू आपोआप उघडा पडलेला आहे, अशा तीन जागी वाचन घ्या. सोन्यासाठी जुळवलेल्या यंत्रावर तांब्याच्या मिश्रधातूची पद्धत निवडायला सांगा.

कथील 8 ते 10 टक्के आणि जस्त जेमतेम 2 टक्के असा धातू इंग्रजी गनमेटलच्या वळणाचा. जहाजांच्या आणि इंजिनांच्या भागांसाठी तोच लागत असल्याने बंदराकाठच्या, रेल्वेच्या ओतशाळांतही असायचा. मुंबईचा विचार इथे करावा. कथील कमी आणि जस्त त्याहून ठळकपणे जास्त, असे प्रमाण एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कारखानी कामात आढळते. तांबे 85 आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी 5 हा तयार विटांचा विसाव्या शतकातला औद्योगिक धातू. सिलिकॉन 3-4 टक्के, सोबत थोडे मँगनीज आणि कथील जवळजवळ नाही, असे आले तर 1920 च्या दशकाआधीचा पुतळा ही कल्पना सोडा. सिलिकॉन हलके मूलद्रव्य असल्यामुळे काही यंत्रांना ते दिसतच नाही. ते मोजले गेले होते का, हे विचारून घ्या. पॅटिनात टायटेनियम निघाले तर रंग 1920 च्या आसपास किंवा त्यानंतर चढवलेला.

हे आकडे एखादी जागा नाकारायला चांगले, पक्की करायला अपुरे. भंगार धातू वितळवून ओतण्याची पद्धत सगळीकडेच होती. गाभ्याची थर्मोल्युमिनेसन्स चाचणी, म्हणजे भाजलेली माती तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढण्याची, कुणी सुचवली तर शंभर-दीडशे वर्षांच्या वस्तूसाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत. तिच्या चुकीचा पट्टा इतका रुंद असतो की आपल्याला हवा तो फरक त्यात बुडतो.

कागदपत्रे आणि निष्कर्षाची भाषा

सार्वजनिक पुतळे बहुधा वर्गणीतून उभे राहत. त्यामुळे नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते, संस्थेचे वार्षिक अहवाल, संस्थानाच्या खासगी खात्याचे जमाखर्च आणि अनावरणाच्या बातम्या चाळा. अहवालात शिल्पकाराचे नाव नसले तरी पेटीचे जहाजभाडे आणि जकात मिळाली, तर ओतकाम बाहेरचे होते हे कळते. 1888 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांच्या याद्या, आणि ब्रिटिश ओतशाळांसाठी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची सूची उपयोगी पडते.

निष्कर्ष लिहिताना शब्द तोलून वापरा. मातीतली सही, जुळणारी मापे आणि कागद तिन्ही असतील तरच 'अमुक यांचा'. सही नाही पण घडण व काळ जुळतो तिथे 'अमुक यांच्या हातचा असावा'. मूळ त्यांचे पण ओतकाम दुसऱ्याचे आणि नंतरचे असेल तर 'अमुक यांच्या मूळावरून, नंतरचे ओतकाम'. ओतशाळा वेगळ्या ओळीत: 'रेतीचा साचा, व्हिटवर्थ आटे, गनमेटल, लंडन किंवा मुंबई, 1900 ते 1930'. एवढा रुंद पट्टा लिहायला संकोच वाटू देऊ नका. ओढूनताणून दिलेले एकच नाव पुढच्या प्रत्येक लिलावात, प्रत्येक यादीत तसेच उतरत जाते आणि मग ते खोडणे फार अवघड होते.

पुतळा शंभर वर्षांहून जुना ठरला तर 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार तो पुरावशेष होतो. धातुशिल्पांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाकडे पाठवायचा विचार असेल तर पेटी बांधण्याआधी तिथे चौकशी करा. नोंदणीसाठी लागणारे फोटो काढताना पुतळा आडवा करावाच लागतो. तेव्हाच पोटातले, सांध्याचे, आट्यांचे आणि सहीचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या, आणि एक प्रत पुतळ्यासोबत पाकिटात ठेवून द्या.